जेथे वृक्ष थांबतात : गंगोत्री ते भोजबासा

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘वृक्षरेषा’ हा शब्द भूगोलाच्या क्रमिक पुस्तकामुळे आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पर्वतावर चढत गेल्यास एका ठरावीक उंचीनंतर वृक्ष उगवेनासे होतात. त्यानंतर झुडपे, मग गवत, मग नुसते खडक आणि शेवटी बर्फ. वृक्षांची ही जी वरची सीमा, तीच वृक्षरेषा. वर्गात फळ्यावर पर्वताचा त्रिकोण काढून आपण ती एका आडव्या रेघेने दाखवितो. प्रत्यक्षात हिमालयात गेल्यावर अशी रेघ कोठेही आढळत नाही. आढळतो तो एक फाटका, वरखाली झालेला पट्टा. तो असा का फाटला, हे पाहू लागले की विषय वनस्पतिशास्त्रापुरता उरत नाही. तो आपल्यासारख्या प्रशासनात, शाळेत आणि पंचायतीत काम करणाऱ्या माणसांच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणूनच महाराष्ट्रापासून इतक्या दूरचा विषय मी आज निवडला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच असून ते आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर होय. त्याचा माथा उघडा आहे, म्हणून ‘तेथे वृक्षरेषा संपली’ असे उत्तर विद्यार्थी देतात आणि पुष्कळदा त्यांना त्याचे गुणही मिळतात. हे उत्तर बरोबर नाही. आपल्या अक्षांशांत थंडीमुळे वृक्ष थांबावयाचे असतील, तर पर्वत साडेतीन हजार मीटरांहून अधिकच उंच असावा लागेल. सह्याद्रीच्या माथ्यांवर झाडे नसण्याची कारणे निराळी आहेत : कातळावरील मातीचा पातळ थर, पश्चिमेचा सोसाट्याचा वारा, दरवर्षीचे वणवे, चराई आणि तोड. याच सह्याद्रीत महाबळेश्वरच्या पठारावर आणि भीमाशंकरच्या परिसरात, जेथे राखण झाली तेथे, दाट जंगल उभे आहे. तेव्हा आपल्याकडील उघडा डोंगर हा हवामानाचा निर्णय नव्हे. खरी वृक्षरेषा पाहण्यासाठी हिमालयातच जावे लागते.

वृक्ष का थांबतो?

उंचीबरोबर हवा थंड होते, हे आपण अनुभवाने जाणतो. दर हजार मीटरांस तापमान साधारणपणे सहा ते साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रवाशाला मे महिन्यात याची साक्ष दोन तासांत पटते. परंतु वृक्षाला थंडी बाधते म्हणजे नेमके काय होते? पूर्वी असे मानले जाई की, उंचावरील थंडीत पाने पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत. आता निराळे समजले आहे. पाने अन्न तयार करीतच असतात. परंतु तापमान पाच अंशांच्या आसपास उतरले की नव्या पेशी घडविण्याचे काम जवळजवळ थांबते. कोठारात धान्य आहे, पण घर बांधणारे गवंडी थंडीने काम बंद करून बसले आहेत, असा हा प्रकार होय. बाझेल विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिश्चन कोर्नर यांनी सहकाऱ्यांसह जगातील अनेक पर्वतांवर, वृक्षरेषेजवळच्या जमिनीत तापमापके पुरून नोंदी घेतल्या. वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सहा ते सात अंशांच्या आसपास असेल तेथे वृक्ष थांबतात, असे आल्प्सपासून उष्ण कटिबंधातील पर्वतांपर्यंत बहुतेक ठिकाणी आढळून आले.

मग त्याच्याही वर झुडूप आणि गवत कसे तगते? त्याचे उत्तर उंचीतच आहे. ताठ उभ्या वृक्षाचा शेंडा मोकळ्या वाऱ्यात असतो आणि वाऱ्याइतकाच थंड राहतो. जमिनीस बिलगलेले झुडूप मात्र दिवसा उन्हाने तापलेल्या मातीची ऊब घेते आणि हिवाळ्यात बर्फाच्या पांघरुणाखाली दडते. उंच पर्वतावर ठेंगणेपणा उपयोगी पडतो तो असा.

हा झाला निसर्गाचा नियम. या नियमाप्रमाणे जेथे वृक्ष असावयास हवेत तेथेही जेव्हा ते दिसत नाहीत, तेव्हा त्याचा हिशेब माणसाकडे मागावा लागतो.

भागीरथीची घळई

हे सारे एकाच वाटेवर पाहावयाचे असेल तर गंगोत्रीहून गोमुखाकडे जाणारी पायवाट यासारखी दुसरी सोयीची जागा मला माहीत नाही. आपल्यापैकी अनेकजण चारधाम यात्रेस जाऊन आले असतील. त्यांतील बहुसंख्य मंडळी गंगोत्रीच्या देवळात दर्शन घेऊन, घाटावर स्नान करून परततात. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तेथून चीरबासा नऊ किलोमीटर, भोजबासा चौदा किलोमीटर आणि गोमुख अठरा किलोमीटर. एवढ्या अंतरात देवदाराच्या वनापासून हिमनदीच्या मुखापर्यंतचा सर्व पट डोळ्यांखालून जातो.

गंगोत्रीला पोहोचण्यापूर्वीच्या मार्गाविषयीही थोडे सांगावयास हवे. उत्तरकाशीत १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. महाराष्ट्रातील अनेक तरुण तेथे शिक्षण घेऊन आलेले आहेत. उत्तरकाशीहून वर गेल्यावर दरी कधी अरुंद तर कधी विस्तीर्ण होत जाते. हर्सिल येथे ती रुंदावते. येथील देवदारवनांचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगलतोडीचा ठेका घेतला. त्याने देवदाराचे ओंडके भागीरथीच्या प्रवाहात सोडून खाली मैदानात पोहोचविले. रेल्वेचे जाळे विणले जात होते आणि रुळांखालच्या लाकडी पाट्यांना मोठी मागणी होती. विल्सन गडगंज झाला; ‘पहाडी विल्सन’ या नावाने त्याच्या दंतकथा अद्याप सांगितल्या जातात. हर्सिलच्या सफरचंदांची सुरुवातही त्यानेच केली. आज हिरवीगार दिसणारी ही दरी एकदा अशी पिळून निघालेली आहे.

याच भागात, ५ ऑगस्ट २०२५ रोजी, खीरगंगा या बाजूच्या ओढ्यातून आलेल्या पाणी-चिखल-दगडांच्या लोंढ्याने धराली गावाची बाजारपेठ गाडून टाकली. अरुंद दरीत घरे बांधण्याजोगी सपाट जागा फार थोडी असते आणि जी असते ती बहुधा अशा ओढ्यांनीच पूर्वी कधीतरी आणून टाकलेल्या गाळाची असते. ओढा आपली जागा विसरत नाही, असे पहाडी माणूस म्हणतो. बांधकामाच्या परवानग्या देणाऱ्यांनी दरीचा नकाशा या दृष्टीने वाचावयास हवा. ग्रामपंचायतीचे सदस्य येथे बसले आहेत म्हणून हा उल्लेख केला. या विषयाचा विस्तार आज करीत नाही.

भैरोंघाटीजवळ जाडगंगा येऊन मिळते. येथे ग्रॅनाइटचे कडे इतके उभे आणि एकमेकांजवळ आहेत की पुलावरून खाली पाहताना पाण्याचा केवळ पांढरा धागा दिसतो. १९८० च्या दशकात मोटारीचा पूल होईपर्यंत यात्रेकरूंना ही घळई पायी उतरून पुन्हा चढावी लागे. याच जाडगंगेच्या खोऱ्यात, उभ्या कड्याला चिकटविलेली लाकडी वाट ‘गरतांग गली’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराचा हा मार्ग १९६२ च्या युद्धानंतर बंद पडला होता. दुरुस्तीनंतर तो २०२१ साली पर्यटकांसाठी खुला झाला.

चीरबासापर्यंत

गंगोत्रीपासूनची वाट नदीच्या उजव्या काठाने जाते. नदी वायव्येकडे वाहते, म्हणून आपण ज्या उतारावरून चालतो तो नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. दिवसाचा बराच वेळ त्याच्यावर ऊन असते, बर्फ लवकर वितळते, जमीन लवकर सुकते. समोरचा डावा काठ सावलीचा. तेथे बर्फ उशिरापर्यंत टिकते आणि ओलही टिकते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ साली घोषित झाले. त्याच्या नाक्यावर परवाना दाखवावा लागतो व सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची मोजदाद होते. गंगोत्रीनजीकचा देवदार मागे पडतो आणि कैल या नावाने ओळखला जाणारा निळसर झाक असलेल्या पानांचा चीडवर्गीय वृक्ष दिसू लागतो. चीरबासा म्हणजे चीडवृक्षांचे निवासस्थान. गंमत अशी की, ज्याला गढवालात खरोखर चीड म्हणतात तो वृक्ष दोन हजार मीटरांच्या आसपासच थांबतो. चीरबासाला आहे तो कैल. गावे वसविणाऱ्यांनी वनस्पतिशास्त्राची परीक्षा दिलेली नसते आणि नावातून अर्थ पुरेसा पोहोचतो.

चीरबासा सुमारे ३,६०० मीटरांवर आहे. येथून भागीरथी शिखरे समोर उभी ठाकतात. त्यांतील सर्वांत उंच शिखर ६,८५६ मीटरांचे आहे. येथे हवेचा विरळपणा चालणाऱ्याला जाणवू लागतो. पुढे भोजबासाला पोहोचेपर्यंत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी झालेला असतो. चीरबासा ओलांडल्यावर वाट ठिसूळ कड्यांखालून जाते. या टप्प्यावर ऊन तापू लागले की, तसेच पावसाच्या सरीनंतर, वरून दगड सुटतात. तो भाग सकाळीच, न थांबता आणि वर लक्ष ठेवून ओलांडावा. छायाचित्रे काढण्याची ही जागा नव्हे.

भूर्जवृक्ष

कैल विरळ होत गेल्यावर जो वृक्ष उरतो तो भूर्ज. मराठी वाचकाला हा वृक्ष पाहण्यापूर्वीच ओळखीचा असतो तो भूर्जपत्रामुळे. ‘पत्र’ म्हटले तरी ते पान नव्हे, साल होय. ही साल पांढुरकी-गुलाबी असते, तिच्यावर आडव्या बारीक रेषा असतात आणि वह्यांच्या पानांप्रमाणे तिचे पापुद्रे सुटतात. तिच्यातील राळेसारख्या द्रव्यामुळे ती ओलाव्याने लवकर सडत नाही. कागद येण्यापूर्वी काश्मीर आणि वायव्य भारतात ग्रंथलेखनाचे हेच साधन होते. १८८१ साली पेशावरजवळील बख्शाली गावी सापडलेले गणिताचे प्राचीन हस्तलिखित भूर्जपत्रावरच आहे. शून्यासाठी टिंब वापरल्याचा जुना पुरावा म्हणून ते जगभर चर्चिले जाते व सध्या ऑक्सफर्ड येथे जतन केलेले आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वर्णन करताना भूर्जाच्या सालीचा उल्लेख केला आहे, हे संस्कृतच्या शिक्षकांस सांगावयास नकोच.

वृक्ष म्हणून भूर्ज हा अत्यंत सोशिक आहे. हिवाळाभर उतारावरून सरकणाऱ्या बर्फाचा भार त्याच्या खोडावर पडतो. म्हणून बुंध्याशी तो विळ्यासारखा वाकतो आणि मग वर उभा राहतो. त्याला पाने असतात ती उन्हाळ्याच्या अखेरीपासून आश्विनाच्या सुमारापर्यंत. एवढ्याशा हंगामात त्याने किती वाढावे? वर्षाकाठी खोडाच्या जाडीत पडणारी भर अतिशय अल्प असते, परंतु तो शतकानुशतके जगतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी भोजबासा येथील भूर्जांच्या खोडांतील वार्षिक वलये मोजली आणि त्यांचा हिमनदीच्या हालचालींशी काही संबंध लावता येतो काय, याचा अभ्यास केला. मनगटाएवढ्या जाडीचे एखादे लाकूडसुद्धा तेथे कित्येक वर्षांचा संचय असतो. चुलीत ते किती वेळ जळते, याचा अंदाज आपणच करावा.

भोजबासा

भोजबासा म्हणजे भूर्जांचे निवासस्थान. उंची सुमारे ३,८०० मीटर. भूर्जाला येथे राहणे शक्य आहे, हे नावच सांगते. तरीही प्रवासी तेथे पोहोचतो तेव्हा त्याला नदीकाठची उघडी, दगडगोट्यांची, रेताड भूमी दिसते. प्रवासी वस्तीगृह, आश्रम, तंबू, वारा. भूर्जवन कोठे आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. मान वळवून नदीच्या पलीकडे, त्या सावलीच्या काठावर पाहिले म्हणजे भूर्जांचे पट्टे उतारावर चढत गेलेले दिसतात. सावलीच्या काठावरील ओल हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की, यात्रेकरूंची पायवाट त्या काठाने जात नाही.

हा मुद्दा मला आज विशेषत्वाने मांडावयाचा आहे. हिमालयातील वनांचा ऱ्हास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ठेकेदार, करवती आणि ओंडक्यांनी भरलेले ट्रक येतात. ते खरेही आहे. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रिया वृक्षांना बिलगून उभ्या राहिल्या त्या ठेकेदाराच्याच माणसांपुढे. चिपको आंदोलनाने या तोडीस पायबंद घालण्यास शासनाला प्रवृत्त केले आणि ते त्याचे ऐतिहासिक श्रेय आहे. परंतु भोजबासाचे भूर्जवन कोण्या ठेकेदाराने नेले नाही. तेथून ओंडके बाहेर काढणे त्याला परवडलेही नसते. ते वन गेले चहाच्या आधणात, खिचडीच्या पातेल्यात आणि रात्रीच्या शेकोटीत.

येथे पदार्थविज्ञानातील एक लहानशी गोष्ट मोठे काम करून जाते. ३,८०० मीटर उंचीवर पाणी शंभर अंशांवर न उकळता सुमारे सत्त्याऐंशी अंशांवर उकळते. उघड्या भांड्यात डाळ शिजण्यास खाली जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ वर लागतो. म्हणजे सरपणही तितकेच अधिक. जेथे वृक्ष सर्वांत सावकाश वाढतो तेथेच एका जेवणाला सर्वांत जास्त लाकूड लागते. यात्रेकरू मूठभर होते तोवर वाळक्या फांद्यांवर निभाव लागत असे. रस्ता गंगोत्रीपर्यंत मोटारीचा झाला, गिर्यारोहण पथके आणि पदयात्रिक वाढले, वाटेवर चहाची दुकाने उभी राहिली आणि हिशेब बिघडला. त्यातच पवित्र स्मरणचिन्ह म्हणून भूर्जाची साल सोलून नेण्याची हौस. आपोआप सुटलेला बाहेरचा पापुद्रा घेतला तर वृक्षाचे बिघडत नाही. परंतु सुरी लावून आतील जिवंत सालीपर्यंत पोहोचले आणि खोडाभोवती कडे पडले की तो वृक्ष वाळतो. या प्रत्येक माणसाचा हेतू चांगलाच होता. कोणी अन्नदान करीत होते, कोणी थकलेल्या यात्रेकरूला चहा देत होते, कोणी देवघरासाठी पवित्र वस्तू नेत होते.

हर्षवंती बिष्ट यांचे कार्य

हे चित्र पालटण्याचा सर्वांत उल्लेखनीय प्रयत्न एका प्राध्यापिकेने केला. डॉ. हर्षवंती बिष्ट उत्तरकाशीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत. १९८१ साली नंदादेवी शिखरावर पोहोचलेल्या भारतीय स्त्रियांत त्या होत्या आणि त्यासाठी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गढवालातील पर्यटन व गिर्यारोहण हाच त्यांच्या संशोधनाचाही विषय होता. पर्यटनाने पहाडात पैसा येतो तसा खर्चही येतो आणि तो खर्च कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने ओळखावे, यात नवल नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गंगोत्री वाचविण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुढे चीरबासा येथे रोपवाटिका केली आणि भोजबासा येथे कुंपण घालून हजारो भूर्जरोपे लावली.

‘हजारो रोपे लावली’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानांवरून घसरून जाते. म्हणून त्यातील श्रम कोणते, ते थोडे सांगतो. भूर्जाचे बी अत्यंत सूक्ष्म असते. ते रुजण्यास ओलसर, उघडी, प्रकाशित माती लागते आणि रुजल्यावर पहिली काही वर्षे कोंब बोटाएवढाच राहतो. तो तुडविला जातो, खेचरे व भरल नावाच्या रानमेंढ्या तो खुडतात, वितळत्या बर्फाबरोबर माती सरकून तो उपटला जातो. रोपवाटिका खाली सखल भागात केली तर तेथे वाढलेले रोप वरच्या थंडीत टिकत नाही. म्हणून ती वरच, शक्य तितक्या जवळ करावी लागते. कुंपणाची तार, खांब, अवजारे, राखणदाराचे धान्य हे सर्व माणसांच्या किंवा खेचरांच्या पाठीवरून चौदा किलोमीटर चढवावे लागते. हिवाळ्यात वर राहणे अतिशय कठीण असते. वसंतात जाऊन काय उरले ते पाहावयाचे आणि गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावयाची. हे एक-दोन वर्षे नव्हे, सलग अनेक वर्षे करावे लागते. त्यांच्या या कार्याबद्दल २०१३ साली त्यांना सर एडमंड हिलरी यांच्या नावाचे पदक मिळाले. २०२१ मध्ये भारतीय गिर्यारोहण संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. भोजबासाच्या त्या कुंपणातील भूर्ज आज प्रवाशाला पाहावयास मिळतात. त्यांची उंची पाहून कोणी निराश होऊ नये. त्यांचे वय विचारावे.

शासनानेही नियम केले. २००८ पासून गोमुखाकडे दिवसाला १५० माणसांनाच सोडण्याची मर्यादा आली, खेचरांच्या संख्येवरही बंधन आले आणि सरपण तोडण्यास मनाई झाली. डिसेंबर २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. या निर्बंधांची दुसरी बाजूही बोलावयास हवी. खेचरवाले, ओझी वाहणारे, वाटेवर चहा विकणारे हे सर्व याच खोऱ्यातील गावांचे. वर्षाचे सहा महिने मिळणाऱ्या कमाईवर त्यांना बारा महिने काढावयाचे असतात. नियम ज्या दिवशी लागू झाला त्या दिवशी त्यांचा तोटा रोख होता. वनाचा लाभ मात्र त्यांच्या नातवंडांच्या पदरात पडणार. माझे स्पष्ट मत असे आहे की मर्यादा आवश्यकच होती. परंतु जेथे अशी मर्यादा घालावयाची तेथे तिच्याबरोबर पर्यायी रोजगाराची तरतूद त्याच आदेशात असावयास हवी, पुढील पत्रव्यवहारावर ती सोडू नये. रोपवाटिका, कुंपणांची देखभाल, कचरा खाली आणणे, वाटाड्याचे काम, ही कामे स्थानिकांनाच मिळाली तर ते राखणदार होतात. न मिळाल्यास तेच लोक तारेला भगदाड पाडतात आणि त्यांना दोष देणे सोपे नसते.

हवामान तापते आहे, तेव्हा वृक्षरेषा आपोआप वर सरकेल, मग इतका खटाटोप कशाला, असाही युक्तिवाद ऐकू येतो. गोमुखाची हिमनदी मागे हटत आहे यात शंका नाही. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९३५ साली तिच्या मुखाचा नकाशा केला होता. त्या जागेपासून ते आता दीड किलोमीटरच्या आसपास मागे गेले आहे. पण बर्फ हटले म्हणजे वन आले असे होत नाही. हिमनदीने सोडलेली भूमी ही दगड आणि वाळूची असते. तीवर माती धरण्यास पिढ्या जातात. शिवाय नेपाळातील भूर्जाच्या अभ्यासात असे दिसून आले आहे की कोरड्या भागात पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांतील ओल कमी पडली तर उष्णता वाढूनही भूर्जाची वाढ खुंटते. ऊब मिळाली आणि पाणी गेले, तर वृक्षाला त्याचा लाभ नाही. आणि बी देणारे जुने वृक्षच तोडले गेले असतील तर वर सरकणार कोण?

आपल्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपण होते. शाळा आणि ग्रामपंचायती त्यात उत्साहाने भाग घेतात. अहवालात खड्ड्यांची आणि रोपांची संख्या असते. माझी सूचना एवढीच आहे की त्याच नोंदवहीत तिसऱ्या व पाचव्या वर्षीचा रकाना आजच आखून ठेवावा आणि तो भरण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे. जेथे रोप लावले त्या जागेवर पूर्वी कोणते झाड होते आणि ते कोणत्या कारणाने गेले, हेही गावातील वृद्धांना विचारून लिहावे. वणव्याने गेले असेल तर पट्टा जाळून ठेवल्यावाचून, चराईने गेले असेल तर गुराख्यांशी बोलल्यावाचून, नवे रोप त्याच वाटेने जाईल.

ज्यांना स्वतः ही वाट चालावयाची आहे, त्यांच्यासाठी आता थोडे व्यवहाराचे. मेचा उत्तरार्ध ते जून आणि मग सप्टेंबर ते ऑक्टोबरचा आरंभ हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टात दरडींचे भय असते. गंगोत्री ते भोजबासा ही झोपण्याच्या उंचीत एकदम सातशे मीटरांची उडी आहे, म्हणून गंगोत्रीत किमान दोन रात्री राहावे आणि मधल्या दिवशी थोडे वर चढून परत यावे. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नये. विश्रांतीने बरे वाटले नाही, चालताना तोल जाऊ लागला अथवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी रुग्णास खाली आणावे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परवाना आधी काढावा. मर्यादा दैनिक असल्याने यात्रेच्या दिवसांत ऐनवेळी तो मिळेलच असे नाही. स्वतः शिजवणार असाल तर स्टोव्ह व प्रेशर कुकर बरोबर घ्यावा. भोजबासाला मुक्काम झाल्यावर संध्याकाळी, शिखरांवरचे ऊन उतरण्याच्या सुमारास, नदीकाठी उभे राहून प्रथम पलीकडचा काठ पाहावा आणि नंतर अलीकडचा. दोन्ही एकाच उंचीवर आहेत.